उंदीरमामाचा वाटा

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हुरड्याचा विषय निघतोच. परभणीत राहणाऱ्या माणसाचं गावाकडे शेत असणं ही बाकीच्यांच्या दृष्टीनं फार सोयीची गोष्ट असते. बाई, यंदा तरी तुमच्या सोनपेठच्या रानात बोलवा, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं आणि दरवर्षी मी काहीतरी कारण काढते. भाऊ आजारी आहे, रस्ता उखडलाय, यंदा ज्वारी उशिरा पेरली. आता माझ्या कारणांचीही थट्टा होते. थंडी पडली की बाईंच्या भावाला नेमका ताप येतो, असं गणिताचे सर म्हणतात आणि सगळे हसतात. मीही हसते. खरं कारण डबा खाताना सांगण्यासारखं नाही. या दिवसांत सगळ्यांना आगटीतल्या गोवऱ्यांचा आणि भाजल्या कणसांचा वास आठवतो, मला एका काळपट भुकटीचा आठवतो. तो लसणासारखा असतो. ताज्या ठेचलेल्या लसणासारखा नव्हे, डब्यात विसरून गेलेल्या, पाणी सुटलेल्या लसणासारखा. हुरड्यासोबत लसणाची चटणी असतेच. त्यामुळे पहिला घास घेण्याआधीच माझं मन उडतं.

तसे हे आमच्या भागातले वर्षातले सगळ्यात भले दिवस. ऊन अंगाला चावत नाही. गोदावरीच्या बाजूनं सकाळी धुकं येतं आणि ज्वारीच्या शेंड्यांवर बराच वेळ बसून राहतं. टाळकी ज्वारी, म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, तोवर डोक्याच्या वर गेलेली असते. पानांवर इतकं दव की तासातून, म्हणजे ज्वारीच्या दोन ओळींमधून, चाललं की परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा. दाणा चिकात आलेला. मी लहानपणी कणीस हातावर चोळून तो हिरवा दाणा तसाच खायचे, गोड लागायचा. चालता चालता मध्येच ज्वारीचं एखादं ताट, म्हणजे उभं धांडं, आडवं पडलेलं दिसायचं. बुडाशी तिरकं कापलेलं, विळा लावल्यासारखं, आणि वरचं कणीस गायब. थोडं पुढं दुसरं, मग तिसरं. त्या आडव्या ताटांच्या मागं मागं गेलं की बीळ. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीचा ताजा ढीग आणि ढिगावर ज्वारीचा कोंडा पसरलेला.

आमच्या घरात उंदराला उंदीर म्हणायची चोरी होती. माय म्हणायची, नाव घेतलं की त्यांना ऐकू जातं आणि मुद्दाम कपडे कुरतडतात. मामा म्हणायचं. गणपतीचं वाहन, त्याला नावानं काय हाका मारता, असंही ती म्हणायची. आमच्या रानाच्या उगवतीच्या बांधावर एक बाभूळ होती. तिच्या बुडाशी मायनं एक पसरट दगड मांडला होता. रानात जेवायला बसायच्या आधी भाकरीचा एक तुकडा मोडून ती त्या दगडावर ठेवायची. चतुर्थीला त्यावर गुळाचा खडा असायचा. गणपतीच्या दिवसांत उकडलेली मुटकुळी. हा उंदीरमामाचा वाटा. त्यांच्या वाट्याचं त्यांना दिलं की बाकीचं ते सोडतात, असा तिचा हिशेब होता. आबा, म्हणजे माझे वडील, या हिशेबाला हसायचे. तुझे भाऊ लय इमानदार हायेत, म्हणायचे. पण तो तुकडा त्यांनी कधी उचलला नाही, आणि बैलाचा पाय त्या दगडावर पडू नये म्हणून औत त्या कोपऱ्यात जरा आतूनच वळवायचे.

माय घास ठेवून बाजूला सरकली की बाभळीच्या मुळातून एखादं नाक बाहेर यायचं. मिशा हलायच्या. मग ते अंग काढून दगडावर बसायचं आणि दोन्ही हातांत तुकडा धरून खायचं. मी आणि माझा धाकटा भाऊ दिगू श्वास रोखून बघायचो. माय जरा खोकली तरी उंदीर पळत नसत. आम्ही नुसता पाय हलवला तरी क्षणात बिळात.

मग ते वर्ष आलं. पाऊस लांबला होता, रानात गवत माजलं होतं, आणि दिवाळीनंतर उंदीर इतके झाले की दिवसाउजेडी तासातून पळताना दिसायला लागले. आधी ज्यानं त्यानं आपापले उपाय केले. कुणी बिळात घागरीनं पाणी ओतलं. आमची काळी जमीन, तिच्या पोटात किती पाणी मावतं याचा अंदाज लागत नाही. घागरीवर घागरी ओतल्या की लांबच्या भलत्याच भोकातून एक भिजलेला जीव बाहेर पडायचा आणि काठ्या घेऊन थांबलेली माणसं त्याच्यावर तुटून पडायची. कुणी फुटक्या मडक्यात गोवऱ्या आणि मिरच्या पेटवून धूर आत फुंकला. त्यानं उंदरांपेक्षा फुंकणाऱ्याच्याच डोळ्यांतून जास्त पाणी आलं. कुणी पिंजरे लावले. आमचे शेजारी पिंजऱ्यातले उंदीर ओढ्यापलीकडे नेऊन सोडायचे. दोन दिवसांनी ओढ्यापलीकडचा माणूस त्यांच्या दारात येऊन उभा राहिला, की तुमचे पाहुणे माझ्या रानात का धाडता म्हणून. यावर गाव बरंच हसलं. त्या वर्षी हसण्यासारखं तेवढंच होतं.

आमची ज्वारी आतून पोखरत चालली होती. बाहेरून बघितलं तर रान भरलेलं, आत शिरलं की टक्कल पडल्यागत मोकळं. आबा संध्याकाळी रानातून आले की बोलत नसत. ज्वारी म्हणजे वर्षाची भाकरी आणि कडबा म्हणजे बैलांचं वर्ष, हे आम्हा पोरांनाही कळत होतं. माय पीठ काढताना डब्यात जरा जास्त वेळ वाकून बघायला लागली होती.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. कृषी खात्याचे एक साहेब आले होते. शांत माणूस, आवाज न चढवता बोलणारा. त्यांनी सांगितलं की एकट्यानं मारून काही होत नाही, एका रानातले मेले की शेजारच्या रानातले येऊन राहतात. सगळ्या शिवारानं एकदम करायला हवं. आधी संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं लिंपायची. सकाळी जी उकरून उघडलेली दिसतील ती जिवंत बिळं, बाकीची सोडून द्यायची. आणि औषध लगेच घालायचं नाही. उंदीर फार संशयी. नवं काही दिसलं की आधी एखादाच चाखून बघतो, आणि त्याचं पोट दुखलं तर बाकीचे पुन्हा शिवत नाहीत. म्हणून आधी दोन दिवस साधा भरडा द्यायचा. त्यांचा विश्वास बसला पाहिजे, असं साहेब म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्याच भरड्यात औषध.

हे सगळं बरोबर होतं. पुढे मी वाचलं, विचारलं, आणि जे साहेबांनी सांगितलं तसंच सगळीकडे सांगतात. आज इतक्या वर्षांनीही मला त्या माणसात काही खोट काढता येत नाही. फक्त एवढंच वाटतं की विश्वास हा शब्द त्यांनी तिथं वापरायला नको होता.

भरडा मायनं केला. ज्वारी भाजून जात्यावर भरडली, तिळाच्या तेलाचा हात लावला, वरून किसलेला गूळ. घरभर इतका चांगला वास सुटला की दिगूनं मूठभर मागून घेतला. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती टोपलं घेऊन रानात गेली, मी मागं. प्रत्येक जिवंत बिळाशी ती टेकायची, चिमूटभर आत सारायची, चिमूटभर तोंडाशी ठेवायची आणि दरवेळी पुटपुटायची, मामा, घ्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळीकडे चाटूनपुसून साफ. बाकीच्यांच्या रानात निम्मा भरडा तसाच पडला होता. आमच्या रानात कणही शिल्लक नव्हता. मायच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं ते मी विसरलेले नाही. पंगतीत शेवटचा माणूस पोटभर जेवून उठला की वाढणाऱ्या बाईच्या तोंडावर असतं, तेच.

तिसऱ्या दिवशी आबांनी तोंडाला उपरणं बांधून गोठ्यामागं काठीनं भरड्यात एक काळपट भुकटी कालवली. आम्हाला लांब उभं केलं. तेव्हा तो वास पहिल्यांदा आला. कागदाच्या पुड्या बांधून टोपल्यात ठेवल्या. टोपलं मायच्या हातात दिलं. ती गेली. त्या दिवशी मला सोबत नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात जे दिसलं ते सविस्तर लिहिणार नाही. औषध खाल्लं की तहान लागते म्हणतात. बरेचसे पाटाच्या ओल्या कडेला होते, तोंड पाण्याकडे. काही बाभळीच्या बुडाशी. आबांनी आणि आणखी दोघा-तिघांनी खोल खड्डा घेऊन सगळे पुरले. संध्याकाळी पारावर आबा म्हणाले की आमच्या घरच्या माणसाच्या हाताला गुण आहे, सगळ्या शिवारात आमच्या रानाचा निकाल चांगला लागला. माणसं हसली, मायचं कौतुक झालं. ते घरी कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

त्या दिवसापासून तिनं लसूण सोडला. काशीला जाऊन आलेली माणसं एखादी भाजी सोडतात तसा. आमच्यासाठी फोडणी घालायची, स्वतःचं आधी बाजूला काढून ठेवायची. बाभळीखालचा दगडही तिनं सोडला. रानात जेवायला बसली की सरळ पहिला घास तोंडात. आम्ही काही विचारलं नाही, कारण आम्हाला उत्तर ठाऊक होतं. आबांनी तिला फसवलं होतं. साधाच भरडा आहे असं सांगून तिच्या हातून टाकून घेतलं. उंदीर तिच्या हाताला सरावलेले होते, तेवढ्यासाठी. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही दोघा भावंडांनी मिळून ते ओळखलं होतं. आणि एकदा ओळखल्यावर घरात आबांकडे बघण्याची आमची नजर बदलली. भांडण कधी झालं नाही. नुसतं एक अंतर पडलं. ते आम्ही मोठे होईपर्यंत तसंच राहिलं, आणि आबा गेले तेव्हाही होतं.

ज्वारी त्या वर्षी वाचली, हे सांगायला हवं. भाकरी वर्षभर पुरली, बैल विकावे लागले नाहीत. औषधाचा गुण आला नाही असं म्हणण्याचा खोटेपणा मी करणार नाही. पण खळं झालं आणि उन्हाळ्यात बांधाशी एक धामण मरून पडलेली सापडली. लांबलचक, पिवळट, जाड. ती वर्षानुवर्षं त्या बांधात राहायची, उंदरांवरच जगायची. गाई-म्हशींच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणून लोक तिच्यावर दात धरून होते, त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही. आबा तेवढे बराच वेळ तिच्यापाशी उभे होते. एवढी पाळायला पाहिजे होती, असं काहीतरी म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात रिकामी बिळं पुन्हा भरली. पलीकडच्या गावच्या शिवारानं काहीच केलं नव्हतं, तिकडून आले. घरं तयारच होती.

माझ्या परभणीच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांपूर्वी उंदीर झाले. शेजारणीनं गोंदाचा पुठ्ठा आणून दिला. फार सोपं असतं म्हणाली, कोपऱ्यात ठेवून द्यायचं, सकाळी घडी घालून कचऱ्यात. घडी घालून म्हणजे जिवंत, हे मला सकाळी कळलं. चिकटलेल्या उंदरानं सुटण्यासाठी स्वतःची कातडी अर्धी सोलली होती. मी पुठ्ठ्यावर खाण्याचं तेल ओतत बसले, एका हातानं ओतायचं, दुसऱ्या हातानं सोडवायचं. पोळी-भाजीचा वेळ त्यात गेला. सुटल्यावर तो स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेला आणि दुपारी तिथंच मेला. मी त्याला मदत केली की त्याचा त्रास लांबवला, याचा निकाल अजून लागलेला नाही. तेव्हापासून मला एक कळलं की काठी घेऊन उंदीर मारणाऱ्या माणसाला क्रूर म्हणणं सोपं असतं, कारण तो समोर दिसतो. पुडी ठेवून घरी झोपायला जाणारा आपल्याला सभ्य वाटतो. मेहनत कमी होत गेली तसतशी मरणाची जागा आपल्यापासून लांब होत गेली, एवढाच काय तो सुधार. आणि तरीही काठीनं शिवार वाचत नाही. हे दोन्ही मला एकाच वेळी माहीत आहे, आणि दोन्हींचा मला वैताग येतो.

यंदा मार्गशीर्षात दिगूचा फोन आला. रान तोच बघतो. माय त्याच्याकडेच असते. ती आता फार थकली आहे, बोलते कमी, भलत्या वेळी भलतं विचारते, आणि तिला जुनं काही आठवत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. दिगू म्हणाला, उंदरांनी बेजार केलंय, नाताळच्या सुट्टीत येऊन जा. त्याच्या आवाजात मदत मागण्यासारखं काहीतरी होतं. शाळेला सुट्टी लागल्यावर मी एसटीनं सोनपेठला उतरले. तो मोटरसायकल घेऊन उभा होता. सोयाबीन पावसानं गेलं, आता सगळी भिस्त ज्वारीवर, असं तो वाटेत सांगत होता. नवं काही नव्हतं त्यात. नवीन एवढंच होतं की तो बोलता बोलता आबांसारखा मध्येच गप्प व्हायचा.

रानात त्यानं सगळं केलं होतं. पक्षी बसावेत म्हणून इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या रोवल्या होत्या, घुबडं येतील या आशेनं. एक घुबड यायचंही, पण गावातल्या कुणीतरी अपशकुनी म्हणून दगड मारून हाकललं. पिंजरे होते. बिळं लिंपून झाली होती, आणि सकाळी उघडलेली जिवंत बिळं इतकी की त्यानं मोजणं सोडून दिलं होतं. आत शिरल्यावर मला ते जुनं टक्कल दिसलं. तिरकी कापलेली ताटं, नाहीशी कणसं. बाभूळ आता नाही, पण तो पसरट दगड बांधात अर्धा रुतून तसाच आहे. त्याच्यावर भरड्याचे कण होते.

"तुज्या भावजयीनं केलेला भरडा चाटला बी न्हाई त्यांनी," दिगू म्हणाला. "मग मायला म्हणलं, मामाला वाटा द्यायचा का. आक्का, ती जी उठली. सोता भाजला, सोता गूळ घातला. परवा आन् काल दोन दिस रानात आली. खायलेत. मायच्या हातचं खायलेत."

मी विचारलं, आणि आज?

तो रानाकडे बघत राहिला. मला राग यायला वेळ लागला नाही. मी त्याला म्हणाले की आजचे उंदीर मायला ओळखतात कुठून, उंदीर जगतो वर्ष-दीड वर्ष. तो म्हणाला ते मला ठाऊक नाही, पण खातात एवढं दिसतं. मग मी जे म्हणायचं नाही ते म्हणाले. आबांनी तिला एकदा फसवलं, ती आयुष्यभर त्यातून सावरली नाही, आणि आता तिला काही कळत नाही म्हणून तू पुन्हा तेच करणार. दिगूचं तोंड उतरलं. त्यानं खाली वाकून एक आडवं ताट उचललं, बुडाची तिरकी कातर माझ्यापुढं धरली.

"मग तू सांग इलाज," तो म्हणाला. "तू शिकलेली हायेस. मी ऐकतो."

मला फक्त नको ते माहीत होतं, हवं ते माहीत नव्हतं. शेवटी एवढं ठरलं की औषध दिगूनं स्वतः टाकायचं आणि मी मायला घरी अडकवून ठेवायचं. खाल्लं तर खाल्लं, नाही खाल्लं तर नाही. असं ठरवताना दिगूला नुकसान दिसत होतं आणि मला दिगू दिसत होता. आम्ही आपापल्या मनाची समजूत काढली.

संध्याकाळी, उजेड असतानाच, दिगू गोठ्यामागं गेला. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या, तोंडाला रुमाल. मी मायपाशी ओसरीवर बसले. तिच्या पायांना तेल लावून देते म्हटलं. ती आधीच तयार होती. डोक्यावरून पदर घट्ट खोचलेला, काठी हाताशी, रिकामं टोपलं मांडीवर. तिच्या तोंडावर एक हलकंसं हसू होतं. मी हवेचं कारण काढलं. थंडी फार आहे, आज राहू दे. वारा गोठ्याकडून आला आणि तो वास आला. पाणी सुटलेल्या लसणाचा.

मायनं नाक वर केलं. हसू गेलं नाही, पण वेगळं झालं.

"आज औषध हाय," ती म्हणाली. "म्हणून नको म्हणायलीस व्हय?"

मी तिचा पाय धरून तशीच बसले. ती गोठ्याकडेच बघत होती. बोलली ती इतक्या साध्या आवाजात की जणू पीठ संपलंय हे सांगावं.

"तवा बी मला ठावं हुतं. तुज्या आबानं लपवलं न्हवतं. ते म्हणले, तू ऱ्हा घरी, मी टाकतो. मीच म्हणलं, तुमच्या हातचं न्हाई खायचे ते." तिनं टोपल्याची कड चाचपली. "दोन लेकरं हुती घरात."

मी विचारलं, आबांनी आम्हाला कधी का नाही सांगितलं? आम्ही त्यांनाच...

"मीच म्हणलं हुतं, लेकरांना सांगू नका," माय म्हणाली. "त्यांनी न्हाई सांगितलं."

मला आबा दिसत होते, संध्याकाळी घरात शिरताना आमच्याकडे न बघता सरळ न्हाणीकडे जाणारे. जेवताना आमच्या गप्पा थांबल्या की मान खाली घालून भाकरी कुस्करणारे. त्या मेलेल्या धामणीपाशी उभे असलेले. त्यांना आमची नजर कळत होती. कळत नव्हती असं होणारच नाही. एक शब्द उच्चारला असता तर ती बदलली असती, आणि तो शब्द त्यांनी मरेपर्यंत गिळून ठेवला. मला हे आता समजलंय आणि आता सांगायला ते नाहीत.

दिगू पुड्यांचं टोपलं घेऊन गोठ्यामागून आला. मायला तयार बसलेली बघून तो तिथंच थबकला, मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मायनं त्याच्यापुढं दोन्ही हात केले. त्यानं तिच्या हातांना पिशव्या बांधल्या, लहान मुलाला हातमोजे घालतात तशा, एकेक बोट सरळ करत. टोपलं तिनं मागून घेतलं. ती उठताना मी तिच्या काखेत हात घातला. तिचं वजन काहीच राहिलेलं नाही.

"दोन दिस पोटभर खाल्लं त्यांनी," ती म्हणाली. "उपाशी न्हाई धाडत."

अंगणातून बाहेर पडेपर्यंत उन्हं बांधावर आली होती. मी जरा मागं राहिले. ती चार पावलं पुढं जाऊन थांबली, काठीवर रेलली आणि मागं वळून म्हणाली, "चल बाई, उशीर नको. वाट बघत असतील."

मी तिच्या हातातलं टोपलं घेऊ लागले. तिनं दिलं नाही.